कॉक्लियर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं, ऐकण्याच्या नसेला विजेचे संकेत देणारं यंत्र) असलेल्या आईला मोबाईलवरून थेट लावलेल्या मालिका आणि गाणी नुसता गोंगाट वाटतात. आवाज सुधारता येईल का?

येईल, पण आवाज मोठा करून नाही. मी सांगलीत राहतो, स्वतः इम्प्लांटवर ऐकतो, आणि पाहुणे आले की "वाढव की जरा आवाज" हे ठरलेलंच!

निरोगी कानात आवाज टिपणाऱ्या आतल्या केसपेशी साधारण 3,500 असतात. त्यांचं काम इम्प्लांटमध्ये कंपनीनुसार 12 ते 22 इलेक्ट्रोड करतात, त्यातही शेजारशेजारच्या इलेक्ट्रोडचा प्रवाह एकमेकांत पसरतो. त्यामुळे एकावर एक आलेले आवाज सुटे करता येत नाहीत. मालिकेत संवादाखाली अखंड वाजणारं संगीत नेमकं तिथे नडतं. तेव्हा आत जाणारी गर्दी कमी करायची.

आधी माईक बघा. स्ट्रीमिंग, म्हणजे फोनचा आवाज थेट इम्प्लांटमध्ये जाणं, चालू असतानाही प्रोसेसरचा (इम्प्लांटच्या बाहेर लावायच्या भागाचा) माईक बहुधा थोडा उघडा असतो, म्हणजे पंखा आणि मिक्सरही मालिकेत शिरतात. हे प्रमाण मॅपिंगच्या वेळी, म्हणजे इम्प्लांटची सेटिंग जुळवताना, ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) बदलून घेता येतं. काही प्रोसेसरना ॲपमधूनही. माईक अगदी बंद मात्र नको, दारावरची बेल कळायला हवी.

फोनच्या ॲक्सेसिबिलिटीत मोनो ऑडिओ (डाव्या-उजव्या बाजूचा आवाज एकत्र करणारी सोय) चालू करा, विशेषतः इम्प्लांट एकाच कानात असेल तर. डॉल्बी वगैरे इफेक्ट बंद. आवाज मधल्या टप्प्यावर ठेवा. फार मोठा आला की प्रोसेसर तो आपणहून दाबतो आणि बोलण्यातले चढउतार सपाट होतात. व्हिडिओचा वेग कमी करा असं काहीजण सुचवतात. मला त्याने शब्द ताणल्यासारखे वाटतात, पण आईंना करून बघू द्या.

कॉलचं दुखणं वेगळं. जुन्या पद्धतीच्या साध्या कॉलमध्ये सुमारे 300 ते 3,400 हर्ट्झच येतात आणि 'स'चा बराचसा जोर त्याच्या वर असतो. व्होल्टी (4G वरचा) किंवा व्हॉट्सॲप कॉल त्यामुळे सहसा उजवा.

गाण्यांच्या बाबतीत अपेक्षा जपून ठेवा. इम्प्लांटमधून ताल छान कळतो, सूर धूसर. सांगली-मिरजेकडे नाट्यसंगीताचं वेड, आणि तेच मला सर्वांत अवघड गेलं: पेटी गायकाच्या मागोमाग त्याच सुरांवर चालते, गळा कुठला आणि पेटी कुठली ते उमगत नाही. उलट ढोलकीवरची लावणी किंवा डफावरचा पोवाडा लवकर पकडता आला. आईंना ऐकू येत असताना पाठ असलेलं गाणं निवडा, साथ कमीत कमी असलेलं. शब्द समोर लिहून दिलेत तर अजून बरं.

नवा फोन घेणार असाल तर आईंना प्रोसेसरसकट दुकानात न्या आणि पैसे देण्याआधी जोडून बघा. श्रवणयंत्रांना थेट स्ट्रीमिंगची सोय अँड्रॉइड 10 पासून, म्हणजे 2019 मध्ये आली, पण ती प्रत्येक फोनमध्ये नसते. दुकानदार "ब्लूटूथ आहे की" म्हणेल. तेवढ्यावर जाऊ नका.