गुरुवारी एक फाइल परत आणून बघ

प्रिय,

भोसरीच्या कारखान्यातल्या कॉम्प्युटरची सगळी जबाबदारी तुझ्याकडे आली, हे वाचून फार आनंद झाला. शेवटी तू लिहिलंयस, "काका, क्लाउड बॅकअप चालू केलाय, आता ती काळजी मिटली." त्या एका वाक्यासाठी हे पत्र.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. अरण्येश्वरच्या बाजूला एका व्यापाऱ्याचं तळमजल्यावर ऑफिस होतं, त्यांचं कॉम्प्युटरचं काम मी बघायचो. सकाळी शटर उचललं तर आत गुडघाभर गाळ. सर्व्हर टेबलाखाली होता, तो गेलाच. बॅकअपची हार्ड डिस्क लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेली. पिशवीची गाठ तशीच होती आणि आत पाणी भरलेलं. मी त्यांना धीर दिला, क्लाउडवर सगळं आहे म्हणून. घरी येऊन खातं उघडलं, तर शेवटची तारीख एप्रिलची. जागा संपली होती. इशाऱ्याचे मेल नियमित येत होते, पण नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या पत्त्यावर. बिलांचे आकडे जीएसटीच्या रिटर्नवरून बरेचसे जुळवले. उधारीची नोंद मात्र फक्त टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये होती. ती पुन्हा उभी करताना त्या माणसाने एकेका गिऱ्हाइकाला फोन करून "तुमच्याकडे माझं किती निघतं?" असं विचारलं. मी शेजारी बसलो होतो. चूक माझी होती, कारण एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत मी एकदाही बॅकअपमधून फाइल परत आणून पाहिली नव्हती.

हे छोट्यांचंच होतं असं समजू नकोस. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरने चुकून भलत्याच सर्व्हरवरचा डेटाबेस उडवला, जवळपास ३०० जीबी. बॅकअपच्या पाच वाटा होत्या, ऐन वेळी एकही धड चालली नाही. रोजचा बॅकअप डेटाबेस सॉफ्टवेअरचं व्हर्जन जुळत नसल्यामुळे फसत होता आणि तो फसल्याचे मेलही कुणापर्यंत पोहोचत नव्हते. सहा तासांपूर्वी कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी काढलेली एक प्रत होती, तिच्यावर निभावलं. म्हणून आधी बघ, तुमचे इशाऱ्याचे मेल कोणाला जातात. एका माणसाच्या नावावर नको, तिघांना जाऊ देत.

आता तुझ्या 'क्लाउड बॅकअप'बद्दल. तू जे वर्णन केलंयस ते मला सिंक वाटतंय. सिंक म्हणजे इथे जे होईल तेच तिथे होणार. शेअर्ड फोल्डरमध्ये रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस शिरला आणि डायची (साच्यांची) ड्रॉइंग्ज लॉक झाली, तर काही मिनिटांत क्लाउडवरही लॉक झालेल्याच फाइली असतील. जुन्या आवृत्त्या किती दिवस राहतात ते सेटिंगमध्ये जाऊन डोळ्यांनी पाहा. माझ्या मते किमान तीन महिन्यांच्या हव्यात. आणि एक प्रत अशी हवी की ठरलेली मुदत संपेपर्यंत ती तुलाही पुसता येणार नाही. बॅकअपचं खातं रोजच्या ॲडमिन पासवर्डने उघडत असेल तर ते आजच वेगळं कर. ज्याच्या हाती सर्व्हर गेला त्याच्या हाती बॅकअप जाऊ नये, एवढ्यासाठीच.

क्लाउड म्हणजेही शेवटी कुठली तरी इमारत. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गमध्ये ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा काही ग्राहकांचे बॅकअप त्याच आवारात होते. मायक्रोसॉफ्टचं 'सेंट्रल इंडिया' नावाचं क्लाउड केंद्र पुण्यातच आहे, त्यामुळे तिथली प्रत भोसरीबाहेर असली तरी शहराबाहेर नाही. दुसरी प्रत चेन्नई किंवा हैदराबादला ठेव. फक्त देशाबाहेर प्रत ठेवून चालणार नाही. तुमची प्रायव्हेट लिमिटेड आहे, आणि हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज असायला हवा, असा नियम २०२२ पासून आहे. सीएंना विचार, ते सांगतील.

यापुढचं काम कॉम्प्युटरवरचं नाही. मालकांसमोर बसून दोन गोष्टी विचार. किती वेळाचं काम गेलं तर पुन्हा करता येईल? आणि किती वेळ बंद राहणं परवडेल? इंग्रजीत यांना आरपीओ, आरटीओ म्हणतात, पण तू साध्या मराठीत विचार. मालक बहुधा "काहीच जायला नको" म्हणतील. मग स्टोअरमध्ये जा, डिस्पॅच बघणाऱ्यांना विचार. मालाचं चलान निघालं नाही तर गाडी गेटवर किती वेळ थांबते, हे त्यांना पाठ असतं. टॅली बंद असली तरी मालवाहतुकीचं ई-वे बिल सरकारी पोर्टलवरून हाताने काढता येतं, फक्त लॉगिन आणि गिऱ्हाइकांचे जीएसटी नंबर कागदावर हवेत. सर्व्हर उभा होईपर्यंत काय काय हाताने चालू शकतं, ही यादी तुझ्या प्लॅनचा खरा गाभा आहे.

वेळेचा हिशेबही मांडून दाखव. तुमचा डेटा दोन टीबी आहे म्हणालीस. १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण वेगाने अखंड चालली तरी तो खाली उतरायला ४४ तास लागतील. म्हणजे मालक "दुपारपर्यंत चालू कर" म्हणाले तर नुसत्या क्लाउडवर ते होणार नाही. रोज लागणारी ड्रॉइंग्ज, सीएनसीचे (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचे) प्रोग्राम आणि टॅली यांची एक प्रत जवळ हवी, पण सर्व्हरच्या खोलीत नको आणि तळमजल्यावर तर नकोच.

सगळं कागदावर छापून ठेव. कोणाला फोन करायचा, बॅकअप उघडायची किल्ली (म्हणजे पासवर्ड) कुठे आहे, सायबर हल्ला झाला तर सहा तासांच्या आत सर्ट-इनला, म्हणजे सायबर सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेला कोण कळवणार. ती किल्ली सर्व्हरवरच ठेवलेली मी पाहिली आहे, एकदा नव्हे, तीनदा. एक प्रत मालकांच्या घरी, एक तुझ्या.

येत्या गुरुवारी कंपनीला सुट्टी आहे. एखादा जुना लॅपटॉप घे, तुमच्या नेटवर्कला अजिबात जोडू नकोस, मोबाइलचं नेट वापर. टॅलीचा कालचा बॅकअप त्यावर उतरव आणि मार्चमधलं कुठलंही एक बिल उघडून छापील प्रतीशी ताडून बघ. घड्याळ लावून बस. संध्याकाळी मला फोन कर आणि किती मिनिटं लागली ते सांग. नाही उघडलं तरी कर, मी येतो.

तुझा,
काका