शिकागोच्या वीजकंपन्या एक कशा झाल्या?

प्रश्न : अमेरिकेतील शिकागो शहरात आरंभी अनेक खासगी कंपन्या वीज पुरवीत असत, पण पुढे तो सर्व व्यवसाय एकाच कंपनीच्या हाती गेला, असे वाचले. मोठ्या माशाने लहान मासे गिळले, एवढेच त्यामागचे कारण होते का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : गिळणे झाले हे खरे, परंतु त्याला विजेच्या धंद्यातले गणित कारण होते.

१८९२ मध्ये सॅम्युएल इन्सल शिकागो एडिसन कंपनीचे अध्यक्ष झाले, तेव्हा शहरात वीसहून अधिक लहान कंपन्या होत्या. एकदिश प्रवाह (डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज) वीजनिर्मिती केंद्रापासून मैलभराच्या आतच परवडण्याजोगा पोहोचत असल्याने प्रत्येकीचे क्षेत्र आखूड होते. विजेचा मोठा साठा तेव्हा करता येत नसे, त्यामुळे सायंकाळच्या काही तासांच्या मागणीसाठी घेतलेली यंत्रे दिवसाचा बराच काळ पडून राहत. त्यांच्या कर्जावरचे व्याज मात्र थांबत नसे. वेगवेगळ्या वेळी वीज वापरणारे ग्राहक एकाच केंद्राला जोडले, तर तीच यंत्रे अधिक तास चालतील आणि दर उतरवता येतील, हे इन्सल यांनी ओळखले. पुढे त्यांनी एका वस्तीतील १८९ घरगुती ग्राहकांचे उदाहरण दिले : प्रत्येकाची कमाल मागणी वेगळी मोजून बेरीज केली तर ती सुमारे ६८ किलोवॅट भरे, पण सर्वांची मिळून एका वेळची मागणी प्रत्यक्षात २० किलोवॅटच होती. माझ्या मते एकत्रीकरणाचे खरे समर्थन या दोन आकड्यांत आहे.

इन्सल यांनी एकेक कंपनी विकत घेतली. १८९३ मध्ये शिकागो आर्क लाइट अँड पॉवर घेतली. त्यांचे सगळेच मार्ग मात्र सरळ नव्हते. अमेरिकी यंत्रनिर्मात्यांकडून शिकागोपुरते खरेदीचे एकाधिकार त्यांनी आधीच मिळवून ठेवले होते. १८९७ मध्ये काही नगरसेवकांनी पैसे उकळण्याच्या हेतूने कॉमनवेल्थ इलेक्ट्रिक नावाची कागदी कंपनी काढून तिला ५० वर्षांचा परवाना दिला, पण तिला यंत्रेच मिळेनात. अखेर ती इन्सल यांनी ५०,००० डॉलरना घेतली आणि तो दीर्घ परवाना अनायासे त्यांच्या हाती आला. १९०३ मध्ये फिस्क स्ट्रीट केंद्रात ५,००० किलोवॅटचे वाफेचे टर्बाइन सुरू झाल्यावर लहान केंद्रांना त्याच्या स्वस्त विजेशी बरोबरी करणे अशक्य झाले. १९०७ मध्ये शिकागो एडिसन आणि कॉमनवेल्थ इलेक्ट्रिक या दोन्ही कंपन्या मिळून कॉमनवेल्थ एडिसन झाली.

मक्तेदारीच्या बदल्यात दरांवर राज्याचे नियंत्रण असावे, अशी मागणी स्वतः इन्सल यांनीच १८९८ मध्ये जाहीरपणे केली होती. त्यात कंपनीची नगरसेवकांच्या तावडीतून सुटका होण्याचा स्वार्थही होता.