‘सीटी’, ‘कॉइल’, ‘कुंतल’ की ‘वेढा’?

सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतून प्रश्न आला आहे: भट्टीच्या केबलभोवती गुंडाळून करंट मोजतात त्या लवचिक पट्ट्याला कुणी ‘सीटी’ (करंट ट्रान्सफॉर्मर) म्हणतो, कुणी नुसतं ‘कॉइल’, कागदोपत्री मात्र ‘रोगोव्स्की कुंतल’. बरोबर काय?

‘सीटी’ आधी बाद करू. सीटीत लोखंडी गाभा असतो. करंट फार वाढला की गाभा चुंबकत्वाने तुडुंब भरतो आणि आकडा खरा राहत नाही. आर्क भट्टीत एकेका इलेक्ट्रोडमधून ५०-६० हजार अँपिअर जातात, म्हणून तिथे बिनलोखंडाचं साधन सोयीचं. शिवाय या पट्ट्याची वायर निघाली तर फक्त आकडा जातो. चालू सीटीची सेकंडरी, म्हणजे मीटरकडे जाणारी गुंडाळी, उघडी राहिली तर जीव जाऊ शकतो. दोघांना एकच नाव नको, ते यासाठी.

‘कॉइल’ म्हणजे फाउंड्रीत इंडक्शन भट्टीची, पाणी फिरणारी तांब्याची कॉइल. शिफ्टच्या वहीत ‘कॉइल खराब’ लिहा आणि मेंटेनन्सवाल्यांची पळापळ बघा! ‘कुंतल’ शाळेतल्या ‘नालकुंतला’मुळे कानावरचा आहे, मूळ अर्थ केस, बट. चूक नाही, पण भट्टीपाशी तो कुणाच्या तोंडी बसेल असं वाटत नाही.

माझं मत ‘वेढा’. तारेचे ते फेरे, केबलभोवतीचा तो वेढा. रचना सोलापूरकरांना मागावरच्या कांडीवरून चटकन कळेल: कांडीवर सूत भरावं तशी वाकणाऱ्या प्लास्टिकच्या गाभ्यावर बारीक तार भरतात, आणि टोकाला पोचल्यावर तीच तार गाभ्याच्या पोटातून परत आणतात. परत आणली नाही तर अख्खा पट्टाच एक मोठा फेरा होऊन बाहेरचं चुंबकीय क्षेत्र पकडतो.

शब्द भौतिकशास्त्रालाही धरून आहे. वेढा गोल हवा असं नाही, केबल अगदी मधोमध हवी असंही नाही. पण तो पुरा मिटलेला हवा. क्लिप अर्धवट बसली की शेजारच्या फेजचा, म्हणजे थ्री-फेजमधल्या दुसऱ्या केबलचा, करंट आकड्यात घुसतो. क्लिपपाशी फेरे तुटलेले असतात, म्हणून ती केबलपासून लांब ठेवावी. आणि दोन वेढे घातले तर आकडा दुप्पट.

मिळणारा व्होल्टेज करंटच्या नव्हे, करंट बदलण्याच्या वेगाच्या प्रमाणात असतो. दर मीटर लांबीत २००० फेरे, गाभ्याचा छेद ५० चौरस मिलिमीटर असेल, तर ५० हर्ट्झच्या ५०,००० अँपिअरला जेमतेम २ व्होल्ट. त्याच वेढ्यात ५०० हर्ट्झवर तेवढेच २ व्होल्ट ५,००० अँपिअरलाच येतील. म्हणून बदलाच्या वेगावरून परत करंट काढून देणारं सर्किट, म्हणजे इंटिग्रेटर, पुढे लागतो. डीसी आर्क भट्टीचा स्थिर करंट यात दिसतच नाही. तिथे शंट (ज्यावरचा व्होल्टेज मोजून करंट काढतात तो छोटा रोध) किंवा हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्रावरून करंट ओळखणारा).

‘रोगोस्की’ हा उच्चार ‘व’ गिळून झाला आहे. वाल्टर रोगोव्स्की हे जर्मन. श्टाइनहाउस यांच्यासोबतचा त्यांचा लेख १९१२ चा. कल्पना मात्र ब्रिस्टलच्या चॅटॉक यांनी १८८७ मध्येच मांडली होती, तेव्हा रोजच्या बोलण्यात आडनाव गाळलं तरी फारसा अन्याय नाही. वहीत ‘बी फेजचा वेढा, क्लिप सैल’ एवढं लिहा.