तो चहा घ्यायला पाहिजे होता

लेका,

तुझा तो लांबलचक मेसेज रात्री साडेबाराला आला तेव्हा मी जागाच होतो, लग्नाच्या ऑर्डरवरून आलेली पातेली मोजत बसलो होतो, दोन झारे आणि एक परात कमी भरत होती. पण मुद्दामच उत्तर दिलं नाही. असल्या मेसेजला रात्री उत्तर दिलं की माणूस एकतर भांडतो नाहीतर लाडावतो, आणि मला तुझ्याशी दोन्ही करायचं नव्हतं.

तुझं म्हणणं काय, तर महापूर ओसरल्यावर आठ दिवस आपण सोलापुरात सीना नदीकाठी राबलो, चिखल उपसला, किट वाटली, पाठ धरली तुझी, आणि कुणी साधं थँक्यू म्हटलं नाही. एका आजीनं तर किट घेतली आणि लगेच 'अजून एक दे की' म्हणून हात पुढं केला, ते तुला जास्तच लागलं. 'लोकांना किंमत नाही काका' असं लिहिलंयस तू.

पहिलं त्या शब्दाचंच बघू. आपल्याकडं थँक्यू म्हणायची पद्धत कुठंय बे? 'आभार' म्हणजे कार्यक्रम संपत आल्यावर लोक खुर्च्या मागं सारून उठायला लागलेले असतात आणि एक माणूस माइकवर एकटाच बोलत असतो, ते. घरी आईनं ताट वाढल्यावर तू कधी धन्यवाद म्हटलास का, म्हणून बघ एकदा, ताप आलाय का म्हणून कपाळाला हात लावेल ती. गावातला माणूस 'बरं झालं आलास' म्हणतो, 'जेवून जा' म्हणतो, फार गहिवरला तर 'लेकरागत केलंस' म्हणतो आणि दुसरीकडं बघायला लागतो. आणि तुला म्हटलं होतं की तसं. मी तिथंच होतो, तुझ्या मागं दोन पावलांवर, तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन.

आठवतंय का, ते पत्र्याचं घर, ज्याच्या भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्याही वर होती? पाणी उतरून तिसरा दिवस असेल. सगळं घर दारात वाळत घातलेलं, गाद्या, पोरांची पुस्तकं, रेशनकार्ड दगडाखाली. कडब्याची गंजी गेलेली, म्हैस गेलेली. त्या मावशीनं ओल्या लाकडावर, नुसत्या धुरात, चहा टाकला होता, कोराच, दूध कुठून आणणार. आपणच दिलेल्या बाटलीतल्या पाण्यानं तिनं दोन कप विसळून आणले आणि तू काय म्हणालास? 'नको नको मावशी, तुमच्याकडंच काय राहिलं नाही, तुमच्यासाठी ठेवा.' तुझ्या मनात चांगलंच होतं, मला माहितीय. पण तिनं ते कप कसे खाली ठेवले ते तू बघितलं नाहीस, तू पुढच्या घरी गेलतास. तलाठी यायच्या आधी तूच तिच्या घराचा पंचनामा करून टाकलास की लेका, 'काय राहिलं नाही' असं.

मी ते दोन्ही कप प्यायलो. धुराचा वास होता, साखर मात्र भरपूर.

हे मला काय आधीपासून येत नव्हतं. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी १९ वर्षांचा होतो. १९९३ चा सप्टेंबर, अनंत चतुर्दशीची मिरवणूक करून आम्ही पोरं मेल्यागत झोपलेलो आणि ३० तारखेला पहाटे ३:५६ ला जमीन हलली, सोलापुरात पण भांडी खणखणली. जखमी माणसं सोलापूरला यायला लागली, सिव्हिलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. जवळपास आठ हजार माणसं गेली त्यात. मी ज्यांच्या हाताखाली आचारीकाम शिकलो त्या वस्तादांनी दोन टेम्पो भरून भगुनी, डाळ, तांदूळ काढलं आणि मला मागं बसवलं. तिकडं जाड दगडामातीच्या भिंतींची घरं, ती सगळी माणसांवरच बसलेली. एक म्हातारा अशाच एका ढिगावर बसला होता, आम्ही भात वाढला तर त्यानं खिशातनं गुळाचा खडा काढून माझ्यापुढं धरला. मी 'नको बाबा' म्हटलं, अगदी तुझ्यासारखंच. वस्तादांनी मागून मानेवर एक चापट मारली, जोरात, आणि म्हणाले, 'घे. त्याच्या दारात आलायस तू.' दार कुठं होतं तिथं, चौकट पण उभी नव्हती. पण त्या म्हाताऱ्याला होतं, त्यानं गूळ दिल्यावरच तो जेवला.

माझ्या आईचं पण तसंच. ती ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली बाई, कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर ती लाल मिलो ज्वारी, परदेशातनं आलेली, तिची भाकरी थापताना तुटायची म्हणे. तिनं कधी कुणाचे आभार मानलेले मी ऐकले नाहीत, सरकारचे तर नाहीच नाही, उलट मिलोला शिव्याच द्यायची. पण दुपारी दारात कुणी आलं, गॅसवाला असो नाहीतर वीजबिलवाला, भाकरी खाल्ल्याशिवाय सोडायची नाही. २०१९ ला सांगली-कोल्हापूरला महापूर आला तेव्हा आमच्या गल्लीत घरटी दहा भाकरी असं ठरलं, कडक करायच्या, म्हणजे आठ-पंधरा दिवस टिकतात, आणि सोबत शेंगाचटणी. आईला तेव्हा उभं राहता येत नव्हतं. खुर्चीवर बसून सुनांना सांगत होती, पातळ थापा, जाड राहिली तर बुरशी धरतीय. शेजारच्या पद्मशाली मावशी, मराठी तोडकी बोलतात, त्यांनी विचारलं पण नाही कुणासाठी, किती पिठाच्या करायच्या एवढंच विचारलं.

बरं आजीचं. दुसरी किट तिला कशाला पाहिजे होती मला माहीत नाही आणि मी विचारलं पण नाही. घर वाहून गेलेल्या माणसाला दोन लागल्या तर त्यात काय विचारायचं? आपण यादी केली होती म्हणून आपल्याला ते चुकीचं वाटतं, यादी आपली आहे, भूक तिची आहे. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण, सरळ, 'आजी अजून वीस घरं राहिलीत' म्हणून. पण मनात तिचा हिशोब मांडत बसू नको. आणि फोटोचं बोलायचं नव्हतं पण आता निघालंच आहे तर बोलतो. किट हातात देऊन 'इकडं बघा' म्हणतोस ना, तेव्हा त्या बायका पदर ओढतात, बघितलंस का? पावतीला फोटो लागत असेल तर पोत्यांचा काढ, टेम्पोचा काढ.

आणखी एक, तिथल्या लोकांना राग पण आहे, तो आपल्यावर नाही. सीना म्हणजे आपल्यासाठी काय होती, वर्षातले आठ महिने वाळू आणि बाभळी. आपला जिल्हा सगळा दुष्काळी म्हणून ओळखला जाणारा, आजोबांपासून पाण्याची वाट बघण्यात गेली पिढ्यांची पिढ्या. पाऊस पडला वरच्या अंगाला, नगर, बीड, धाराशिवकडं, सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरीचं पाणी सोडलं आणि घटस्थापनेच्या त्या दोन-तीन दिवसांत सगळं खाली आलं. लांबोटीला पुणे हायवे बंद, हत्तूरला विजयपूरचा रस्ता बंद, माणसं गच्चीवरनं बोटीत. २०२० च्या ऑक्टोबरला पण असंच, बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा १३ तारखेला काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर चढला आणि तेलंगणा ओलांडून सरळ आपल्यावर आला, पंढरपूरला कुंभार घाटाची भिंत पडून सहा माणसं गेली. समुद्र बघायला आपल्याला रात्रभर एसटीत बसावं लागतं आणि समुद्रातलं वादळ घरात येतंय. अशा वेळी माणूस तुझ्याकडं बघून हसेलच असं नाही.

आता कामाचं. सप्टेंबर-ऑक्टोबरला टेम्पोवर टेम्पो गेले, आता दिवाळी झाली, रस्ता मोकळा आहे आणि जाणारं कुणी नाही. जुने कपडे नको, ते तसेच शाळेच्या व्हरांड्यात पडलेत, कुणी हात लावला नाही. लागतंय काय तर मोटरी उघडून गाळ काढणारा वायरमन, ओला नसलेला कडबा, पोरांच्या वह्या. आणि कागदपत्रं. सरकारनं ७ ऑक्टोबर २०२५ ला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार आणि मनरेगातून ३ लाखांपर्यंत, पण सातबारा भिजलेला, आधार लिंक नाही, ओटीपी ज्या फोनवर येणार तो फोन नदीत. तुला मोबाइल कळतो, मला नाही. एक टेबल टाकून बसलास चावडीत तर चिखल काढण्यापेक्षा जास्त होईल, दिसणार काय नाही त्यात, फोटो पण येणार नाही चांगला.

ज्वारीची पेरणी पण लांबलीय, जमिनीला पेरणीजोगा वाफसाच येईना म्हणतात. ज्यांची माती राहिली त्यांनी आता कुठं मालदांडी टाकलीय.

रविवारी सकाळी सातला टेम्पो निघेल, जुन्या पुणे नाक्यावर थांब, चार्जर आणि एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन ये. आधी त्या पत्र्याच्या घरी जायचंय, मावशीचा फॉर्म अडकलाय. घरून चहा पिऊन येऊ नको.

काका