आयर्लंडमध्ये पहिल्यांदाच डोंगरवाटेला लागताना

सुरुवात विकलो परगण्यातील ग्लेंडालॉख या तळ्यांच्या दरीपासून करावी. डब्लिनहून तेथे बसने जाता येते आणि वरच्या तळ्याच्या काठाची सपाट वाट पहिल्या दिवसाला पुरेशी आहे. ती जमली की त्याच तळ्यावरच्या स्पिंक या डोंगरकड्याची चढण घ्यावी, जिथे दलदलीवरून रेल्वेच्या जुन्या स्लीपरांची फळीवाट टाकलेली असून पाय घसरू नये म्हणून तिच्यावर तारेची जाळी ठोकलेली आहे. १,०३८ मीटर उंचीचे कॅरनटूहिल हे आयर्लंडचे सर्वोच्च शिखर तुम्हाला खुणावेलच, पण तो मोह तूर्त आवरावा.

नवखे लोक बहुधा पुढील चुका करतात:

- जीन्स आणि सुती कपडे घालणे. सह्याद्रीतला पाऊस चार महिन्यांचा, इथला बारमाही. वाऱ्यात ओला कपडा अंगातली ऊब झपाट्याने काढून घेतो.
- डिसेंबरात सूर्य चारच्या सुमारास मावळतो हे विसरून दुपारी निघणे.
- वाट सोडणे. हिरवेगार शेवाळ दिसते तिथे पाय गुडघ्यापर्यंत रुतू शकतो, शिवाय बरीच जमीन खाजगी असते. म्हणून चालणाऱ्या पिवळ्या माणसाची खूण असलेल्या खांबांमागेच जावे आणि शेताचे फाटक जसे आढळले तसेच ठेवावे.

होकायंत्र नंतर शिकता येईल. अडचण आलीच, तर ११२ क्रमांकावर फोन करून माउंटन रेस्क्यूची मदत मागावी.