क्रॉप सेन्सरची (म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यासाठीची) लेन्स फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) बॉडीवर लावली तर कोपरे काळे का येतात?

कारण लेन्स फोटो चौकोनी पाडतच नाही, ती गोल पाडते. त्या गोलाला इमेज सर्कल म्हणतात आणि सेन्सर पूर्ण त्याच्या आत बसला पाहिजे. फुल फ्रेम ३६ × २४ मिमी, म्हणजे कर्ण साधारण ४३ मिमी, आणि एपीएस-सीचा, म्हणजे नेहमीच्या क्रॉप सेन्सरचा, कर्ण जेमतेम २८ च्या आसपास, मग क्रॉपची लेन्स बनवणारा मोठा गोल कशाला पाडेल, त्याने काचा लहान ठेवल्या म्हणून तर ती लेन्स हलकी आणि स्वस्त झाली ना.

पण गंमत म्हणजे सगळ्याच क्रॉप लेन्स सारख्या नसतात. काही झूम लेन्स १८ मिमीवर, म्हणजे वाइडला (जिथे जास्त रुंद दृश्य दिसतं), कोपरे काळे करतात आणि जरा पुढे झूम केलं की सर्कल मोठं होऊन फ्रेम भरते. टेलिला (लांबचं जवळ आणणाऱ्या टोकाला) तर बरेचदा जवळजवळ पूर्ण कव्हरेज मिळतं, खरा त्रास वाइडलाच. आणि अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, लहान केल्याने कोपऱ्यांचा हलका अंधार जातो, पण सर्कलच संपलं असेल तर एफ/११ सारख्या लहान छिद्राला काळी कड उलट जास्तच ठसठशीत दिसते. काळं नसलं तरी कडेला शार्पनेस ढासळलेला असू शकतो, तो १००% झूम करून बघाच.

उलटं, फुल फ्रेमची लेन्स क्रॉपवर बिनधास्त लावा, फक्त मधला भाग वापरला जातो.