वाचकांचे प्रश्न : कडब्याच्या गंजीतली तीन पिल्लं

प्रश्न : ताई नमस्कार. काल आमच्या शेतातल्या आखाड्यावर कडब्याची गंजी उचलताना खाली मांजरीची ३ पिल्लं सापडली, डोळे पण उघडले नाहीत अजून. मांजर पळाली, जाताना ह्यांच्या हाताला ओरबाडलं. पिल्लं टोपल्यात घालून घरी आणली, म्हशीचं दूध पाणी घालून बोळ्यानं पाजायलेय पण एकाला जुलाब लागलेत अन् सगळ्यात लहान आहे ते थंडगार पडलंय, तोंडच उघडंना. सासूबाई म्हणतात माणसाचा हात लागला, आता आई घेत नसते. काय करू? – एक वाचक, ता. सेलू

उत्तर : ह्या वाचक ताईंना मी लगेच फोन करून सांगितलं, अंक हातात पडेपर्यंत एवढी लेकरं थांबत नसतात. पण गंज्या उचलायच्या दिवसांत असे निरोप बरेच येतात म्हणून सगळ्यांसाठी लिहितेय.

आधी मिस्टरांचा हात. वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवा, हळद-चुना-तिखट काही भरू नका, अन् आजच सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजचं इंजेक्शन सुरू करा.

आता ते गार पिल्लू. त्याला दूध पाजूच नका. हे इतकं ठासून सांगतेय कारण माझ्या हातून एक गेलंय. माहेरी माळवदावरून पडलेलं, मला वाटलं उपाशी आहे, कापसाच्या वातीनं दूध सोडत राहिले, थोड्या वेळानं नाकातून दुधाचा फेस आला अन् तासाभरात संपलं. अंग गार असलं की गिळणं होत नाही, पोट चालत नाही, दूध फुफ्फुसात उतरतं. पहिले तीन-चार आठवडे ह्यांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, आईची ऊब नाहीतर आपली. छातीशी कपड्याच्या आत धरा, मग बाटलीत गरम पाणी भरून जुन्या लुगड्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवा, एकाच बाजूला बरं का, म्हणजे गरम झालं तर पिल्लू सरकेल. घाई नको, तास लागला तरी लागू दे. तोंडात बोट घालून बघायचं, आतून कोमट लागलं की मग दूध. उन्हाळ्यात कसली ऊब म्हणाल, पण कूलरच्या झोतात हीच पिल्लं गारठतात आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी भाजून निघतात, दोन्ही वाईट.

सासूबाईंचं म्हणणं मात्र पटत नाही. हात लागला म्हणून मांजर पिल्लं टाकत नाही, सात घरं फिरवते ती जपायलाच. ती गंजीपाशी शोधत असणार. बाकीची दोन तिथंच सावलीत, उथळ खोक्यात, बाटलीसकट ठेवा आणि तुम्ही लांब जा, माणसं उभी असली तर ती फिरकत नाही. खोक्याभोवती ज्वारीचं पीठ भुरभुरा, पंजे उमटले की समजायचं येऊन गेली. तीन-चार तासांत कुणी आलं नाही तर परत घरी. तिसरं उबदार होऊन चोखायला लागलं की तेही आईजवळ.

आई नाहीच आली तर दूध म्हैस-गाईचं नको, पाणी घातलेलं तर अजिबात नको, जुलाब त्यानंच लागलेत. मांजरीच्या दुधात प्रथिनं-चरबी भरपूर असते, म्हणून पिल्लांची वेगळी दूध पावडर मिळते, नांदेड-संभाजीनगरातून मागवा. ती येईपर्यंत एक-दोन दिवस शेळीचं दूध उकळून कोमट करून. पिल्लू पालथं ठेवूनच पाजायचं, लेकरासारखं उताणं धरलं तर ठसका लागून छातीत जातं. सुई काढलेल्या सिरिंजनं थेंब थेंब, दर दोन-तीन तासांनी, रात्रीपण. पाजलं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं मागून हळू पुसा, आई चाटते तसं, त्याशिवाय ह्यांना शी-शू होत नाही. रोज छोट्या काट्यावर वजन घ्या, जन्मतः साधारण १०० ग्रॅम असतं, दिवसाला १० ग्रॅम तरी वाढलं पाहिजे. जुलाब थांबले नाहीत तर वाट बघू नका, तालुक्याच्या दवाखान्यात गाई-म्हशींची गर्दी असते पण दाखवा, नाहीतर परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळच आहे.

प्रश्न : दीड महिन्याच्या पिल्लाला पिसवा खूप झाल्यात. घरात कुत्र्याची गोचीड पावडर आहे, लावू का? – एक वाचक, उदगीर

उत्तर : नका लावू, हात जोडून सांगते. कुत्र्याच्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, मांजराला त्यानं झटके येतात, जीव जातो. उवांच्या बारीक फणीनं विंचरा, निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात टाका, अंथरूण उकळत्या पाण्यानं धुवा. हिरड्या पांढऱ्या दिसतात का बघा, पिसवा एवढ्याशा जिवाचं रक्त पिऊन संपवतात, तसं असेल तर आजच डॉक्टर. नसेल तरी ह्याच आठवड्यात न्या, जंताचं औषध आणि पहिली लस द्यायचं वय झालंच आहे, रेबीजची तीन महिन्यांनंतर. ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल चाटवू नका, मांजराला ती विष आहे.